सालहाच्या डोक्यातलं खोड

नेफ्ता, १४ फेब्रुवारी

प्रिय भाची अफेफ,

सलाम. पाकीट बघून घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. घरात फोन असताना मामा पत्र का लिहितो, असं वाटेल तुला. तुझ्या मामीचा फोन कायम स्पीकरवर असतो, आणि नसला तरी तिला भिंतीपलीकडचं ऐकू येतं. मला जे विचारायचं आहे ते तिच्या कानावर जायला नको. म्हणून हे पत्र वडापवाल्या खमैसच्या हाती देतो आहे. तो आठवड्यातून तीनदा ट्यूनिसला गाडी आणतो आणि त्याला वाचता येत नाही, म्हणजे दुहेरी सोय.

खजूर उतरवून झाले आणि मामी अंगणात पडली, हे तुला माहीत आहे. डाव्या हातात पेला धरवेना. सफाक्सच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, डोकं उघडून गाठ काढली, मग सहा आठवडे किरणांचा शेक दिला. तिला आम्ही सांगितलं आहे की डोक्यात सूज होती. त्या रोगाचं नाव आमच्या घरात कुणी घेतलेलं नाही, आणि मी आहे तोवर घेणारही नाही. तूही घेऊ नकोस, उत्तरातसुद्धा. सगळे म्हणतात तसं ‘तो घाणेरडा आजार’ म्हण, मला कळेल.

आता डॉक्टरीणबाई म्हणतात, गोळ्या चालू राहतील आणि जोडीला दर पंधरा दिवसांनी शिरेतून एक औषध द्यायचं. मी पाटकरी माणूस. सदतीस वर्षं या बागायतीत पाण्याच्या पाळ्या लावल्या. कुणाच्या पाटाचं दार कधी उघडायचं आणि कधी बंद करायचं ते मला डोळे मिटून सांगता येतं, पण फ्रेंच कागद वाचता येत नाही. नक्कल सोबत जोडली आहे. तू म्हणे याच गाठींवर काम करतेस. तुझी आई लग्नाघरी नवरीला सोडून तुझंच कौतुक सांगत बसते. मग आम्हालाही कळू दे, त्या प्रयोगशाळेत दिवसभर काय करतेस, आणि माझ्या बायकोच्या डोक्यात काय आहे.

खरं लिही. पण फार खरं लिहू नकोस.

तुझा मामा,
मोल्दी


ट्यूनिस, २० फेब्रुवारी

मामा,

कागद वाचला. गाठ जवळजवळ सगळी निघाली आहे आणि शेकही नीट पार पडला आहे. बाकीचे शब्द डॉक्टरांनी डॉक्टरांसाठी लिहिलेले आहेत, त्यात तू डोकं घालू नकोस.

माझ्या कामाबद्दल आजवर घरात कुणी विचारलं नव्हतं. आई कौतुक करते, विचारत नाही. म्हणून आता ऐकावं लागेल.

अशा गाठीतल्या सगळ्या पेशी सारख्या नसतात. बहुतेक नुसती गर्दी करतात. पण त्यांच्यात मूठभर पेशी असतात, त्यांच्यापासून बाकीच्या निपजतात. डॉक्टर त्यांना मूलपेशी म्हणतात, आपल्याकडचा शब्द खोड-पेशी, कारण सगळा डोलारा त्यांच्यावर उभा असतो. मामीच्या गाठीतही त्या होत्या, कागदावर तसं लिहिलं आहे. इतक्या चिवट, की शेकालाही सहज दाद देत नाहीत. आणि त्यांची खरी करामत ही, की त्या स्वतःकडे रक्त बोलावतात. एक निरोप सोडतात, आणि आजूबाजूच्या रक्तवाहिन्यांना फाटे फुटून ते थेट त्यांच्या दारात येतात.

मी ज्या द्रवात खोड-पेशी वाढल्या तो द्रव रक्तवाहिन्यांच्या पेशींवर ओतते. एका दिवसात बशीभर नळ्यांचं जाळं उभं राहतं. साध्या पेशींचा द्रव ओतला तर जेमतेम दोनचार नळ्या. निरोप अडवणारं औषध टाकलं की जाळं होतच नाही. बाहेरच्या देशांत हे पूर्वीच दाखवून झालं आहे, मी ते आपल्या रुग्णांच्या गाठींवर पडताळते. खरं सांगू? सहा वर्षं त्यांच्या मागे आहे, पण अजून मला त्यांचं कौतुक वाटतं.

मामीला शिरेतून देणार आहेत ते औषध याच जातीचं, रक्ताचा हा पुरवठा रोखणारं. वेळच्या वेळी घ्यायला लाव.

तुझी,
अफेफ


नेफ्ता, १० मार्च

अफेफ,

तुझं पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर विहिरीवर जाऊन तोंड धुऊन आलो, कारण मामीला डोळे दिसले असते.

तिच्या डोक्यात खोड-पेशी आहेत, हे मला कुणीच कसं सांगितलं नाही? टीव्हीवर रोज सकाळी दाखवतात. म्हाताऱ्यांच्या गुडघ्यात खोड-पेशी सोडतात आणि ते पायऱ्या चढायला लागतात. त्यासाठी लोक समुद्र ओलांडून जातात, आणि आमच्या सालहाला त्या अल्लानं घरबसल्या दिल्या. वर शेकालाही दाद देत नाहीत म्हणतेस. सालहाच्याच त्या, दाद कशाला देतील? माझ्यासारख्याला चाळीस वर्षांत दिली नाही.

तुला कौतुक वाटतं, मला तर त्यांच्या पाया पडावंसं वाटतं. आणि स्वतःकडे रक्त बोलावतात हे वाचून सगळा उलगडा झाला. खजुराच्या झाडाची पाती वाळली तरी मी घाबरत नाही. खोड पाणी ओढत असलं की झाड जगतं. म्हणून तुम्ही शिकलेली माणसं ते रक्त रोखायला का निघाला आहात ते मला समजत नाही. तहानलेल्या खोडाचं पाणी तोडणारा पाटकरी मी नव्हे.

पहिला डोस झाला, तेव्हा तुझं पत्र यायचं होतं. पुढचं मी बघतो, तू काळजी करू नकोस.

सध्या नराचे फुलोरे मादी झाडांत बांधायचं काम जोरात आहे. रोज अकरा झाडं चढतो. वय विचारू नकोस.

मामा


ट्यूनिस, २८ मार्च

मामा,

खमैसची गाडी गफ्सात दोन आठवडे गॅरेजात पडली होती आणि तुझं पत्र तिच्या कप्प्यात. मला ते काल मिळालं. मिळाल्याबरोबर फोन केला. मी विचारलं, डोस चुकवलेस का, तर तू म्हणालास, “हो हो, फुलोरे छान आले आहेत.” म्हणजे मामी शेजारी होती आणि डोस चुकवले आहेत. म्हणून लिहिते आहे, आणि खमैसला सांगितलं आहे की वाटेत कुठे चहाला थांबलास तर माझ्याशी गाठ आहे.

मामा, त्या पेशी मामीच्या नाहीत. त्या गाठीच्या आहेत. गुडघ्यात सोडतात म्हणून जे दाखवतात त्याचा आणि यांचा काही संबंध नाही. नाव एक आहे, एवढंच. ते झाड मामी नव्हे, ते झाड म्हणजे तो रोग. खोड-पेशींनी बोलावलेल्या रक्तावर तो रोग जगतो. डोस ते रक्त तोडण्यासाठीच आहे, म्हणजे त्या खोडाची खोड मोडावी म्हणून.

माझंच चुकलं. मी कौतुक काय लिहून बसले. आमच्यात बोलायची सवय झाली आहे, शत्रूचं नाव आम्ही लाडानं घेतो. तू ते घरच्या माणसासारखं ऐकलंस.

किती डोस चुकले? डॉक्टरांना काय सांगितलंस? लगेच कळव. आणि मामीला लगेच घेऊन जा.

अफेफ


नेफ्ता, ४ एप्रिल

अफेफ,

दोन चुकले. आठ मार्चचा आणि बावीसचा. पहिल्यांदा कळवलं की हिला ताप आहे. दुसऱ्यांदा सांगितलं की घरात लग्न आहे. लग्न कुणाचं म्हणून विचारलं तर तुझं नाव सांगितलं. माफ कर, तेच पटकन तोंडात आलं.

तुझं पत्र हातात पडलं आणि दुसऱ्याच दिवशी तिला घेऊन सफाक्सला गेलो. आधीच ठरलेला एमआरआय होता. डॉक्टरीणबाईंनी फिल्म दिव्यासमोर धरली. शेक संपला तेव्हाच्या फिल्मवर पांढरा डाग ऑलिव्हएवढा होता. आता अंजिराएवढा आहे. त्या म्हणाल्या, डाग मोठा दिसतोय, आणखी एक तपासणी करू, मग बोलू. पुढे काहीतरी समजावत होत्या, मी ऐकलं नाही. मामी बाहेर बाकावर बसून शेजारच्या बाईशी मिरचीचं हरीसा कसं टिकवायचं ते बोलत होती.

सदतीस वर्षांत मी चुकीचं दार एकदाच उघडं ठेवलं होतं, तेव्हा एकाची बाग बुडाली. ती बाग तीन वर्षांत सावरली. हे कशानं सावरायचं?

माझ्या हातानं झालं हे. तिला नाही म्हणायलाही आलं नसतं, तिला माहीतच नाही ती काय घेते आहे आणि काय चुकलं. मी म्हणालो आज जायचं नाही, ती म्हणाली बरं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या म्हणण्याला ती बरं म्हणाली, तेही नेमकं यात.

दुसरी तपासणी झाली. रक्त कुठे किती पोचतं ते मोजतात म्हणे. त्याच्या फिल्म तुझ्या मोठ्या साहेबांना पाठवायची विनंती केली आहे. डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत, हो म्हणाल्या. त्यांना ताप आणि लग्न दोन्ही खोटं होतं हेही सांगून टाकलं.

मागे मी लिहिलं होतं, फार खरं लिहू नकोस. आता सगळं लिही.

मोल्दी


ट्यूनिस, १७ एप्रिल

मामा,

काल फोनवर ‘वाढलेली नाही’ एवढं म्हटलं तर तुझ्या हातातून फोन पडला आणि मग मला बराच वेळ फक्त कोंबड्या ऐकू आल्या. आता बसून सगळं सांगते.

गाठ वाढलेली नाही. साहेबांनी फिल्म पाहिल्या, मग अजून दोघांना बोलावून पाहिल्या, तिघांचं एकमत झालं, आणि तुमच्या डॉक्टरीणबाईंनाही पहिल्यापासून तीच शंका होती. त्या तुला तेच समजावत होत्या, तू ऐकलं नाहीस.

एमआरआयच्या आधी शिरेत एक औषध देतात. रक्तवाहिनी जिथे गळकी असते तिथून ते बाहेर पडतं आणि फिल्मवर पांढरं दिसतं. तो पांढरा डाग म्हणजे गाठ नव्हे, गळती. ती गळती दोन कारणांनी होते. गाठ परत वाढली, तिनं घाईघाईनं नव्या वाहिन्या बोलावल्या, त्या कच्च्या असतात म्हणून गळतात. नाहीतर शेकामुळे जुन्या वाहिन्या दुखावतात आणि काही महिने पाझरत राहतात. फिल्मवर दोन्ही सारखंच दिसतं. भलेभले फसतात.

फरक दुसऱ्या तपासणीत कळतो. गाठ वाढत असती तर खोड-पेशींनी रक्त बोलावलं असतं आणि त्या जागी रक्ताची रेलचेल दिसली असती. मामीच्या डागात रक्त आजूबाजूच्या मेंदूपेक्षाही कमी आहे. तिथे कुणी कुणाला बोलावलेलं नाही, मामा. ज्या निरोपाच्या मागे मी सहा वर्षं आहे, तो निरोप मामीच्या डोक्यात सध्या कुणी सोडत नाही. साहेब हे बोलले आणि मी बाहेर येऊन तुला फोन लावला.

दोन डोस चुकले म्हणून काही बिघडलेलं नाही. पण हे नशीब म्हण, हुशारी म्हणू नकोस. डोस आता परत सुरू होईल, कारण तेच औषध पाझरही आवळतं.

तू सगळं लिही म्हणालास. पहिल्या पत्रात मी एक गोष्ट झाकली होती. त्या कागदावर चौथी पायरी लिहिली आहे, आणि या रोगाला पाचवी पायरी नसते. अशी गाठ पुरती जात नाही. दोनचार खोड-पेशी कुठेतरी दडून बसल्या असणारच, आणि कधीतरी परत उठतील. कधी ते मला माहीत नाही, कुणालाच नाही. पण आज त्या उठलेल्या नाहीत. मला आज एवढं पुरतं, तुलाही पुरवून घे.

आणि माझ्या लग्नाचं म्हणशील तर सफाक्सहून एक नर्स अभिनंदन करायला फोन करून गेली.

अफेफ


नेफ्ता, २४ एप्रिल

अफेफ,

अगं, मग हे मला आधीच पाटकऱ्याच्या भाषेत सांगायचं होतंस. वाफ्याबाहेर ओल दिसली की नवखा माणूस चोर चोर म्हणून ओरडतो. मी आधी पाटात हात घालून बघतो. पाण्याला ओढ असली तर कुणीतरी पाट फोडून पाणी वळवलं आहे. ओढ नसली तर नुसता पाझर, चिखल लिंपला की झालं. तुमची ती दुसरी तपासणी म्हणजे पाटात हात घालणं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पाटात हात घातला आणि स्वतःच्या घरात मात्र ओल बघूनच हातपाय गाळले.

चौथी पायरी वाचली. मग फिल्म परत काढून बघितली आणि तुझंच वाक्य तिला वाचून दाखवलं, फिल्मला, मामीला नव्हे. आज उठलेल्या नाहीत. आज मी त्यावर जेवलो.

एकोणीसला डोस झाला. मी दाराशी बसलो आणि बाटली रिकामी होईपर्यंत थेंब मोजले. नर्स म्हणाली, बाबा, हे आमचं काम आहे. मी म्हटलं, चालू दे तुमचंही.

एकच राहिलं आहे. मला तिची माफी मागायची आहे. पण जिला आपण आजारी आहोत हेच माहीत नाही, तिची माफी कशाबद्दल मागायची? गेले चार दिवस मी तिला नुसतं ‘माफ कर गं’ म्हणतो आहे. ती विचारते, कशाबद्दल. मी एकदा म्हटलं, दूध ओतू गेलं. एकदा म्हटलं, बकरीला मारलं. आता कारणं संपली. तू शिकलेली आहेस, काही सुचव.

मामा


नेफ्ता, ९ मे

अफेफ बाळा,

हे अक्षर तुझ्या ओळखीचं नाही. मोठ्या माणसांच्या वर्गात दोन वर्षं शिकले, पण लिहायला कुणी मिळालं नव्हतं. आज मामा पाण्याची पाळी लावायला गेला आहे आणि खमैस दारात उभा आहे. घाईत लिहिते, चुका पोटात घाल.

तुझा मामा पत्रं गादीखाली लपवतो. गादी कोण झाडतं, हे त्याला चाळीस वर्षांत कळलेलं नाही. तुझं प्रत्येक पत्र मी वाचलं आहे. तसंही मला पहिल्यापासून माहीत होतं. डोक्याला भोक पाडलं, सहा आठवडे शेकलं, आणि म्हणे सूज. त्या शेकायच्या खोलीबाहेर बसलेल्या सगळ्या बायकांना सूजच होती. एकमेकींना विचारायचो, तुमची सूज कुठली? आणि हसायचो.

आता जे सांगते त्यावर तू रागावशील. रागाव. तुझं खोड-पेशींचं पत्र मला पहिल्याच वाचनात बरोबर कळलं होतं. मामा म्हणाला, आज डोसाला जायचं नाही, तेव्हा काय चुकतं आहे ते मला माहीत होतं. मी कळूनसवरून बरं म्हटलं.

ऐक. आमच्याकडे झाडावर चढलेला माणूस गातो. हौस म्हणून नव्हे. खालच्याला कळावं की वर सगळं ठीक आहे म्हणून. मी पडल्यापासून तुझा मामा गप्प चढायचा. या वयात, इतक्या उंच, दोरावर, आणि आवाज नाही. मी अंगणात बसून वर बघत राहायची. हात हलला की श्वास घ्यायची, थांबला की माझाही थांबायचा. डोक्यातल्या गाठीची मला इतकी भीती वाटली नाही, जितकी त्या गप्प झाडाची वाटली. तुझं पत्र आलं, त्यानं चुकीचं वाचलं, आणि दुसऱ्या दिवशी वरून गाणं आलं. गाणं कसलं, शेजारच्या बागेतला माणूस विचारायला आला की गाढव अडकलं आहे का. मी ठरवलं, फुलोरे बांधून होईपर्यंत याला असंच राहू दे. दोन डोस त्याला दिले. तिसरा देणार नव्हते. पाच एप्रिलच्या गाडीत गफ्सापर्यंत माझी जागा राखायला खमैसला आधीच सांगून ठेवलं होतं, तिथून सफाक्सची गाडी मिळते. मामाला न्यायचं नव्हतंच.

काल तो पुन्हा माफ कर म्हणाला. कशाबद्दल म्हणून विचारलं, तर म्हणाला, कोंबडीबद्दल. मग मला राहवलं नाही. मी रोगाचं नाव घेतलं, आमच्या घरात, मोठ्यानं. आणि हे सगळं सांगितलं. तो ओट्यावर बसला. आधी रडला, मग चिडला, मग परत रडला. म्हणाला, “म्हणजे माझ्या गाण्यासाठी तू जीव पणाला लावलास?”

“तुझ्या गाण्यासाठी कोण लावेल?” मी म्हटलं. “तू पडू नयेस म्हणून लावला.”

मग उठून त्यानं चहा केला, दोघांचा, आणि साखर विसरला. आम्ही तसाच प्यालो.

तिसऱ्यांदाही फिल्म काढली. डाग परत ऑलिव्हएवढा झाला आहे, डॉक्टरीणबाईंनी मला स्वतः दाखवला. मी त्यांना सांगितलं, आता जे बोलायचं ते माझ्याशी बोला, याला नंतर मी समजावीन. आज सकाळी तो घड बांधायला वर गेला होता. मी खाली भाजी निवडत होते, आणि भाजी निवडून संपेपर्यंत मी एकदाही वर बघितलं नाही.

तुझी मामी,
सालहा